काटेवाल्याची नोंदवही

दुकानांतले वजनकाटे तपासायचं काम त्याने अठरा वर्षं केलं. काटा बरोबर निघाला तरी तो खाली हात घालून चाचपायचा. कुणी चुंबक तर चिकटवला नाही? बहुतेकदा नसायचा. तरी त्याचा जीव भांड्यात पडत नसे.

मुलीला सहावं लागलं तेव्हा वहिनी सगळ्यांदेखत म्हणाली, "भावोजी, हिचं नाक कुणावर गेलंय हो?"

सगळे हसले. तो हसला नाही. आठवडाभर तो घरासमोरच्या चष्म्याच्या दुकानदाराचं नाक बघत होता.

"मला एकदा सरळ विचारा ना," बायको म्हणाली.

"तू काय, हो म्हणणार आहेस?"

मुलीच्या जन्मनोंदीतून बाप म्हणून आपलं नाव काढावं, असा दावा त्याने लावला. बायको मुलीला घेऊन भावाकडे राहायला गेली.

"लग्न टिकून असताना झालेलं मूल कायद्याने नवऱ्याचंच," त्याच्या वकीलबाईंनी बजावलं. "त्या काळात तुमची भेट होणं शक्यच नव्हतं, हे तुम्ही दाखवायचं."

"आणि रक्ततपासणी?"

"कोर्ट ती अशी उठसूट करू देत नाही."

त्याने सहा वर्षांपूर्वीची फिरतीची नोंदवही काढली. मुलगी पोटात राहिली त्या काळात तीन महिने तो बाहेरगावी होता. फक्त मधल्या एका पानावर लिहिलं होतं: 'पाच किलोचं वजन बदलायला घरी. मुक्काम दोन दिवस.' ते पान त्याने बराच वेळ धरून ठेवलं. पण दुकानातल्या तपासणीच्या वहीचं पान फाटलेलं दिसलं की दुकानदाराला तो स्वतः दंड करत आला होता. वही त्याने तशीच कोर्टात दिली.

बायकोच्या वकिलाने नेमकं तेच पान वाचून दाखवलं. दावा फेटाळला गेला.

"म्हणजे ती माझीच, हे सिद्ध झालं?" त्याने बाहेर येऊन विचारलं.

"बाप तुम्ही, एवढं ठरलं," वकीलबाई म्हणाल्या. "नाकाचं कोर्टाने काही पाहिलेलं नाही."

बाकावर बायको शाळेचा अर्ज घेऊन बसली होती. "वडिलांची सही," तिने रकान्यावर बोट ठेवलं.

त्याने अर्ज दोनदा वाचला. मग सही केली आणि विचारलं, "घरी कधी येताय?"

तिने सही निरखून पाहिली आणि अर्ज पिशवीत घातला.

"कोर्टाने तुम्हाला तिचा बाप केलंय. तुम्ही पुन्हा तिच्या नाकाकडे बघणार नाही, याची खात्री मला कोण देणार?"

ती एकटीच जिना उतरली.