डबीतली संगिता

तलासरीच्या त्या छोट्या संस्थेत आपलं पद नेमकं काय, हे संगिताला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. पगाराच्या कागदावर ती मदतनीस होती. पाड्यांवरच्या बाया तिला डबीवाली म्हणत, आणि तेच जास्त खरं होतं.

डबी म्हणजे तळहातात मावणारा, स्पीकरवाला गाण्यांचा प्लेअर. गरोदर बायांसाठीच्या सूचना आणि मधेमधे दोन-चार गाणी त्यात भरलेली असत. पाड्यावर मोबाईलला रेंज नाही, घरात वाचणारं कुणी नाही, म्हणून संस्थेनं हा मार्ग काढला होता. महिनाअखेरीला प्रत्येक पाड्याची एक बाई आपली डबी घेऊन तलासरीला येई. संगिता ती कॉम्प्युटरला जोडून जुनं पुसून नवं भरून देई. सूचना बोललेल्याही तिनंच. "रामराम बायांनो, मी संगिता बोलते," ही तिची ठरलेली सुरुवात. मसोलीच्या माहेरी भावांपुढे जिला कधी चार वाक्यं सलग बोलू दिली नाहीत, तिचं बोलणं आता पाड्यापाड्यावर चुलीशेजारी बसून ऐकलं जायचं. याचा तिला मनातून फार अभिमान वाटे. का वाटू नये?

पण या डब्या महा नाठाळ. जोडल्या तरी कॉम्प्युटरला दिसायच्याच नाहीत. मग वायर काढून परत लाव, दुसऱ्या खाचेत लाव, टोक पदरानं पूस, डबी बंद करून चालू कर, आणि कशालाच दाद दिली नाही तर कॉम्प्युटरच बंद करून चालू कर. तोवर बाया जमिनीवर फतकल मारून गप्पा हाणत बसत. भरून झालं की संगिता प्रत्येक डबी थोडी वाजवून बघे. "रामराम बायांनो" ऐकू आलं की डबी बाईच्या हातात. तिच्या मते ही पक्की तपासणी होती.

सतरा सालच्या जानेवारीत हिरी आली तेव्हा खोली गच्च भरली होती. हिरी मोठ्या तोंडाची, हसरी बाई. तिची सून रूपी नवव्या महिन्यात होती. रूपीचं पहिलं मूल घरातच, आडवं येऊन गेलं होतं. या खेपेला तिला आधीच दवाखान्यात नेऊन ठेवायचं, असं हिरीनं ठरवलं होतं. त्यासाठी दर गुरुवारी संस्थेची गाडी यायची आणि शाळेपाशी थांबायची. पण त्या महिन्यात रस्त्यावरची मोरी खोदून ठेवलेली. गाडी आता ओहोळापलीकडच्या फाट्यावरच थांबणार होती. नव्या सूचनांत हीच पहिली होती.

"घरी गेल्या गेल्या ऐका हं, मावशी."

"रोजच ऐकतो, बाय. रूपी तं तुजी नक्कल करते. रामराम बायांनो, करून सगल्यांना हसवते."

हिरीची डबी मात्र दिसेना. संगितानं सगळे उपाय केले. वायरच गेली असणार, असं म्हणून तिनं पर्समधली आपल्या मोबाईलच्या चार्जरची वायर काढून लावली. टोक बरोबर बसलं. डबीवर लाल दिवा लागला. बाहेर जीपवाला हॉर्न बडवत होता. पडद्यावर एक खिडकी उघडीच होती. ती हिरीचीच समजून संगितानं सूचना भरल्या. फायलींची नावं दर महिन्याला तीच असायची, त्यामुळे जुन्यांवर नव्या घालू का, हा प्रश्न नेहमीचाच. तिनं हो म्हटलं. डबी वाजवली. "रामराम बायांनो, मी संगिता बोलते." हिरी हसत पळाली.

शेजारच्या खाचेत दुसऱ्या पाड्यावरून आलेल्या काळी नावाच्या बाईची डबी तशीच लावलेली होती. उघडी खिडकी तिची होती. चार्जरच्या त्या वायरीतून फक्त करंट जायचा, दुसरं काही जायचं नाही. हिरीच्या डबीत मागच्या महिन्याची संगिता तशीच बसून राहिली.

रूपी गेल्याचं कळलं तेव्हा संगिता रडली. पाड्यावर असं होतंच, असं तिला सगळ्यांनी समजावलं. रूपी फाट्यापर्यंत पोचली होती, पण झोळीतून, शुक्रवारी पहाटे. बाळ वाचलं.

महिनाअखेरीला हिरी आली, डबी टेबलावर ठेवून गुमान बसली. संगितानं नवी वायर लावली. डबी पहिल्या झटक्यात दिसली. आत काय आहे ते तिनं बघितलं. फायली मागच्या खेपेच्या नव्हत्या, त्याच्याही आधीच्या होत्या. खात्री करायला तिनं आवाज अगदी बारीक करून, डबी कानाला लावून ऐकलं. तिचाच आवाज सांगत होता, गाडी शाळेपाशी येईल.

ती उठून आत, कार्यक्रम बघणाऱ्या देवेशसरांकडे गेली आणि झालेली चूक सांगितली. सर चिडले नाहीत, तेच वाईट. "पुसून नवं भर आणि दे," ते म्हणाले. "आता सांगून तिची सून परत येणार आहे का?"

सरांचं एका अर्थी खरं होतं. पण गाडी आलीच नाही, असंच समजून हिरी महिनाभर जगली होती. संगिता बाहेर आली, हिरीसमोर जमिनीवर बसली आणि तिनं वायर, खिडकी, लाल दिवा सगळं सांगितलं. हिरीला त्यातलं बरंचसं कळलं नाही.

"म्हंजे गाडी आली होती?"

"आली होती मावशी. फाट्यावर."

"आमी सकालपासून शालेपाशी बसलेलो. उनं उतरली तवा घरी गेलो." हिरी जमिनीकडे बघत म्हणाली. "त्या डायवरला मी किती शिव्या घातल्या."

संगिताला वाटलं, तिनं मारावं आपल्याला, निदान ओरडावं तरी. हिरीनं डबी उचलली, पदरानं पुसली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

"भरून दे. बाकीच्या बायांना लागते ती," ती म्हणाली. "पण तू नको बोलू तिच्यात. रूपी बोलते असं वाटते मना."

पुढच्या महिन्यापासून सूचना काळी बोलू लागली. संगिता फक्त वायरी जोडायची, आणि प्रत्येक डबी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून मगच हातात द्यायची. बायांच्या जीपा चुकायच्या, त्या कुरकुरायच्या, तरी ती डबी सोडायची नाही.