दोन खेपांचे उंदीर

सरांचं नाव निघालं की अजूनही माझं डोकं सटकतं. अंधेरी पूर्वेच्या एका संशोधन संस्थेत मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. निरोगी माणसांच्या पोटातला एक जिवाणू आम्ही वेगळा काढला होता. तो काही उंदरांना पाजायचा, काहींना नाही. मग सगळ्यांच्या पाण्यात रसायन मिसळून त्यांच्या आतड्यांना सूज आणायची आणि जिवाणूवाले कमी आजारी पडतात का ते बघायचं. माझ्या बाबांना आतड्याच्या सुजेचाच आजार. घरापासून गोरेगाव स्टेशनपर्यंत कुठे कुठे संडास आहेत हे त्यांना पाठ होतं. त्यामुळे मला हे काम नुसतं डिग्रीपुरतं नव्हतं.

पहिल्या प्रयोगात जिवाणूवाले उंदीर ठणठणीत राहिले. बाकीचे पाठ वाकवून कोपऱ्यात बसले, त्यांच्या लेंड्यांत रक्त दिसायला लागलं. सरांनी पेढे वाटले. मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, की माणसांना कधी मिळणार.

पुढे प्रबंधासाठी उंदीर कधी आले त्या तारखा हव्या होत्या, म्हणून मी अ‍ॅनिमल हाउसच्या काकांकडे रजिस्टर मागितलं. काका खारदांड्याचे कोळी. बरीच वर्षं कंत्राटावर उंदरांचं खाणंपिणं आणि पिंजऱ्यांची सफाई बघत होते. रजिस्टर उघडलं आणि तारखा दोनदा वाचल्या. जिवाणू पाजलेले सगळे उंदीर पहिल्या खेपेचे होते. उंदीर कमी पडले म्हणून बाकीचे नंतर दुसऱ्याच ठिकाणाहून मागवलेले. मीच त्यांना वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवलं होतं, कारण सर म्हणाले होते, मिसळू नकोस, गोंधळ होईल.

उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. म्हणून एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांच्या पोटात साधारण सारखेच जंतू असतात, आणि दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्यांच्या पोटात वेगळे. म्हणजे आमचे दोन गट पहिल्या दिवसापासूनच वेगळे होते. उंदीर आमच्या जिवाणूमुळे वाचले की मुळातच त्यांच्या पोटात काही बरं होतं म्हणून, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

मी रजिस्टर दाखवलं तेव्हा सर वैतागले, पण प्रयोग परत करायला त्यांना नाही म्हणता येईना. या वेळी मी एकाच खेपेचे उंदीर घेतले. काही आठवडे सगळ्या पिंजऱ्यांतला मळका भुसा एकमेकांत फिरवला, म्हणजे सगळ्यांच्या पोटात सारखेच जंतू व्हावेत. मग जिवाणू, मग रसायन. दोन्ही गट सारखेच आजारी पडले. शेवटी त्यांना मारायला गॅसच्या डब्यात मीच ठेवलं आणि एकेकाचं आतडं पट्टीने मोजलं, कारण सूज आली की ते आखडतं. काही फरक नव्हता. सर आकडे बघून म्हणाले, तुझा हात कच्चा आहे, हे बाजूला ठेव.

नंतर त्यांनी आणखी बऱ्याच उंदरांसाठी अर्ज केला. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीसमोर स्लाइड दाखवायला मला बसवलं. फाइलमध्ये दुसरा प्रयोग नव्हताच. समितीत बाहेरच्या एक पशुवैद्य बाई होत्या. त्यांनी विचारलं, हे परत करून पाहिलंत का. सर म्हणाले, चालू आहे.

"झालाय," मी म्हणाले. "फरक आला नाही."

सगळे निकाल जोडेपर्यंत परवानगी अडली. बाहेर जिन्यापाशी सरांनी मला गाठलं.

"बापाचं दुखणं सांगून इथे शिरलीस. आता माझ्यावरच उलटतेस?"

"बाबांना मध्ये आणू नका. तुम्हाला फक्त तुमचा आलेख बरा करायचाय."

त्यानंतर ते माझ्याशी तोंडाने एक शब्द बोलले नाहीत. समोरच्या टेबलावरून ईमेल करायचे. नमुने ठेवलेल्या फ्रीझरची किल्ली काढून घेतली. बाकीची मुलं मी आले की चहाचे कप उचलून दुसरीकडे जायची. शेवटी मी गाइड बदलला आणि निम्मं काम नव्याने केलं.

काका माझ्या बाजूने असतील असं मी धरून चालले होते. पण परवानगी अडल्यावर उंदीर यायचे थांबले, काकांचं कंत्राट पुढे वाढलं नाही. शेवटच्या दिवशी मी गेले तेव्हा ते रिकामे पिंजरे धूत होते. मी म्हटलं, कुठेतरी शब्द टाकते.

"नको मॅडम. तुमच्या बोलण्याने झालं तेवढं बस झालं."

"मग काय, खोटं बोलायला हवं होतं मी?"

"तुम्हाला दुसरा साहेब मिळाला. मला परत भावाच्या बोटीवर जायचंय. त्यातनं सुटायला म्हणून तर इकडे आलेलो." एवढं बोलून त्यांनी नळ मोठा सोडला. मला त्यांचाही राग आला. अजूनही येतो, आणि तो धड त्यांच्यावर काढता येत नाही.

माझ्या प्रबंधात दुसरा प्रयोग सगळ्या आकड्यांसकट आहे. शेवटच्या तोंडी परीक्षेला सर आले, मागच्या रांगेत बसले. चहा यायच्या आत उठून गेले. माझा नवीन गाइड म्हणाला, जा, नमस्कार तरी कर. मी गेले नाही.