हौशीरामभाऊंचं चालणं चालू हाय

वारूळवाडीच्या हौशीरामभाऊंना साखर निघाली, तेव्हा सगळ्यात कमी धक्का त्यांनाच बसला. "निघंना. उसाच्या पट्ट्यात ऱ्हातो आपण," म्हणाले आणि दवाखान्याच्या पायरीवरच खिशातला पेढा तोंडात टाकला.

त्यांना कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. गोळी वेळेवर, भात बेताचा, रोज चालणं, हे ते दुसऱ्यांना इतकं नीट समजावून सांगत, की शेजारचा जानकू त्यांच्या सल्ल्यावर पार बारीक झाला. स्वतःची पाळी आली की मात्र, "कळतंय वो सगळं, पन उमेदच व्हत न्हाई."

उमेद होती, पण ती सगळी गोठ्यात खर्च व्हायची. पाखऱ्या हा त्यांचा शर्यतीचा बैल. त्याचा खुराक वेळेवर, अंग चोळणं वेळेवर, आणि फिरणं तर कधी चुकायचंच नाही. भाऊ लुनावर बसायचे, एका हातात कासरा धरायचे आणि फट्‌फट्‌ करत माळापर्यंत जाऊन यायचे. घाम पाखऱ्याला यायचा.

"आवं, बैलाला कुठं साखर हाय?" त्यांच्या घरच्या अंजनाकाकू म्हणायच्या. "त्याला बसवा लुनावर, आन तुमी चाला."

नारायणगावच्या डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारत, "चालणं चालू आहे ना?"

"चालू हाय की. रोज."

हे खोटं नव्हतं. कुणाचं, ते बाईंनी विचारलं नव्हतं. रिपोर्टकडे बघून त्या बिचाऱ्या गोळी वाढवत.

मग दोन हजार तीन सालची भैरवनाथाची जत्रा आली. बैलगाड्यांच्या शर्यतीत वरच्या रेघेवर झेंडा घेऊन उभं राहण्याचा मान भाऊंचा. बैलांनी रेघ ओलांडली की झेंडा पाडायचा; झेंडा पडला की घड्याळ थांबायचं. भाऊंनी झेंडा पाडला आणि तंटा झाला, असं कधी घडलं नव्हतं. त्या वर्षी मात्र घाटातून, म्हणजे शर्यतीच्या चढावरून, एक पांढरा ढग वर येताना दिसला आणि भाऊंनी अंदाजानं झेंडा पाडला.

गाडा घोडेगावच्या चांगदेवचा. तो खालूनच ओरडला, "भाऊ, आमची बैलं अजून यायचीत."

अख्खा घाट हसला. गाडा पुन्हा पळवला. संध्याकाळी जत्रा कमिटीचे गेणभाऊ हळूच म्हणाले, "हौशा, फुडच्या साली जानकूकडं देऊ का झेंडा? लई ठणठणीत झालाय गडी."

आपल्याच सल्ल्यानं बारीक झालेला जानकू. त्या रात्री भाऊंना पुरणपोळी गोड लागली नाही.

"साखर अशी वरखाली राहिली की नजर अंधुक होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चष्मा आत्ताच करू नका. आधी साखर जागेवर येऊ द्या, बरंचसं निवळेल. चालणं चालू आहे ना?"

भाऊंनी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "बैलाचं चालू हाय."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी लुना पडवीत ठेवली आणि कासरा धरून निघाले. पाखऱ्या जागचा हलेना. फट्‌फट्‌ ऐकल्याशिवाय चालायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी भाऊंनी इकडेतिकडे बघितलं आणि तोंडानं फट्‌फट्‌ सुरू केलं. पाखऱ्या निघाला.

"काय राव, पेट्रोल महागलं का?" पारावरून कुणीतरी विचारायचं. उत्तर द्यावं तर बैल थांबणार. तोंड असं गुंतलेलं, त्यामुळे वाटेतल्या हॉटेलातली भजीही आपोआप सुटली. एखाद्या दिवशी भाऊ अंथरुणातून उठत नसत, नाही असं नाही. मग गोठ्यातून हंबरणं सुरू व्हायचं, आणि काकू मुद्दाम कानावर पदर घ्यायच्या.

पुढच्या जत्रेत गेणभाऊंनी परीक्षा घेतली. "खालच्या गाड्याची बैलं कसल्या रंगाची?"

"डावा पांढरा, उजवा कोसा. आन तुझ्या सदऱ्याचं तिसरं बटन तुटलंय."

झेंडा भाऊंच्या हातात आला; जानकूला शिट्टी दिली. पहिला गाडा उधळत आला आणि झेंडा बरोबर रेघेवर पडला. फक्त गाडा जवळ येताना भाऊंच्या तोंडून सवयीनं फट्‌फट्‌ सुरू झालं होतं, आणि शेजारी माइक चालू होता.