बटण न बांधलेला डबा

लांज्याच्या एसटी स्टँडमागे एक बाई कपडे शिवायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बटणं, हूक, रिळं, सगळं ती प्लास्टिकच्या एकसारख्या डब्यांत ठेवी. आत काय आहे ते कळावं म्हणून झाकणाला भोक पाडून त्यातली एक वस्तू वर दोऱ्याने बांधलेली असे. डबे नवऱ्याच्या पोषणाच्या पावडरीचे होते. तोंडाच्या कॅन्सरमुळे तो नळीवाटे तेवढंच घ्यायचा. आठवड्याला एक डबा संपे. तो धुऊन, उन्हात वाळवून ती फळीवर मांडायची.

"तुमची फळी भरत आली की," मी एकदा म्हणालो.

"भरू दे हो," सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली. "डबा रिकामा होतोय म्हणजे माणूस जेवतोय."

नंतर दोन महिने तिकडे जाणं झालं नाही. गेलो तेव्हा शर्टाचं बटण तुटलं होतं. फळीच्या टोकाच्या डब्यावर काहीच बांधलेलं नव्हतं. रिकामा समजून, तुटकं बटण त्यात टाकावं म्हणून मी तो उचलला. तो जड लागला.

"तो नको, भाऊ," ती म्हणाली. "त्यात पावडर आहे. अर्धी राहिली."

तो कधी गेला, ते मी विचारलं नाही. तिने दुसऱ्या डब्यातून पांढरं बटण काढून शर्टाला लावलं, दोरा दातांनी तोडला. मग तो डबा माझ्या हातातून घेतला, फडक्याने पुसला आणि होता तिथेच ठेवला. त्याच्या झाकणाला भोक पाडलेलं नव्हतं.