रिकाम्या रकान्यातला ‘होय’
राळेगावच्या मोनालीला राग आला की ती बोलत नाही, कीबोर्ड बडवते. त्या सोमवारी यवतमाळातल्या तीन खोल्यांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात सगळ्यांना तिचा कीबोर्ड ऐकू येत होता.

टेबलावर तिच्या मामाचा कागद पडला होता. उकंडा मामा दुसऱ्यांच्या कपाशीवर रोजानं फवारणी करायचे. बोंडअळीच्या त्या दोन हजार सतरा सालात विष डोळ्यांत गेलं, आठ दिवस दवाखान्यात काढले, आता समोरचा माणूस ओळखू येत नाही. आणि कागद म्हणत होता, मास्क व हातमोजे मिळाले: होय. निष्कर्ष: स्वतःचा निष्काळजीपणा. उद्या अकरा वाजता चौकशी समिती त्यावर शिक्का मारणार होती.

"मास्क? म्या तं पाह्यला बी नाही, पोरी," मामा म्हणाले होते.

तिने गावात चौकशीचे फॉर्म भरणाऱ्या लीलाबाईंना फोन लावला. "मामाच्या फॉर्मात ‘होय’ तुम्ही लिहिलं काय?"

"म्या कायले लिहू? रिकामं सोडलं. जे भेटलंच नाही त्याचं काय लिहाचं? आमी सारेच तसं सोडतो."

त्या फॉर्मांवरून समितीचा अहवाल काढणारा प्रोग्राम ऑफिसच्या सरकारी कंत्राटात मोनालीनेच लिहिला होता. म्हणजे ‘होय’ भरणारी ओळ तिचीच होती. रिकामा रकाना तपासायला आधी चार ओळी लागायच्या. तिने ते काम दोन प्रश्नचिन्हांत बसवलं: मास्क?? "होय". डावीकडे काही असेल तर ते घे, नसेल तर उजवीकडचं. "अहवालात रिकामी जागा साहेबांना खपत नाही, ‘होय’ टाक," असं मालक पियूष म्हणाला आणि हिने टाकलं. वर ओळ आटोपशीर म्हणून शाबासकीही घेतली. काय म्हणावं या अकलेला! एवढं शिकून डोकं गहाण टाकलं.

तिने ‘होय’ पुसून ‘माहिती नाही’ लिहिलं आणि अहवाल पुन्हा काढला. दोनशे सोळा फवारणीवाल्यांपैकी दोनशे नऊ जणांपुढे ‘माहिती नाही’ उमटलं. ही दोनशे नऊ माणसं त्या एका ओळीनं गुन्हेगार ठरवली होती.

पियूष तणतणत आला. "आधीसारखं कर. कंत्राट जाईल."

"जाऊ द्या, सर. लोकांचे डोळे गेले तेव्हा तुम्ही असे धावला नाहीत."

"नोकरी जाईल तुझी!"

तिने प्रिंटरमध्ये कागद भरला.

दुसऱ्या दिवशी समितीच्या साहेबांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवले आणि हातातला शिक्का खाली ठेवला. "हे ‘होय’ कोणी भरलं?"

पियूष मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. मामा बाकावर होते.

मोनाली उभी राहिली. "मी, साहेब."

आवाज ओळखून मामांनी मान वळवली. "मोनाली? तू लिहिलं?"

"हो, मामा. तुमाले न विचारता."