गळवांचे डॉक्टर

“लाजू नका, दाखवा!” पडदा सरकवताना डॉक्टर असं म्हणायचे आणि आलेला माणूस तिथेच अर्धा बरा व्हायचा. पनवेलला त्यांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं नर्स होते. हर्निया, अपेंडिक्स सगळं ते करायचे. पण गळू म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा.

गळू कुठे होईल याला धरबंध नसतो, तुम्हीही पाहिलं असेल. काखेत झालं तर काखमांजरी, नखाशी नखुरडं, पापणीवर रांजणवाडी. बसायच्या जागी झालं, तर मात्र कोणी नाव घेत नाही. “बसा” म्हटलं तरी माणूस उभाच. डॉक्टर लगेच ओळखायचे.

एकदा उरणकडची एक कोळीण तापाने फणफणलेल्या सुनेला घेऊन आली. सून नुकतीच बाळंत झालेली. एक स्तन लालबुंद, दगडासारखा.

“कापू नका डाक्तर, पोराचा दूद जाईल. आमी पोटीस बांधलाय.”

“दूध नाही जाणार मावशी, पू जाईल.”

वाटीभर पू निघाला. संध्याकाळी ताप उतरला, बाळ दुसऱ्या बाजूला चुटूचुटू प्यायला लागलं. पुढच्या आठवड्यात सासू भलेमोठे पापलेट घेऊन हजर. डॉक्टर शुद्ध शाकाहारी. पापलेट आमच्या घरी शिजले.

मग एका उन्हाळ्यात डॉक्टरच खुर्चीला पाठ टेकेनासे झाले. विचारलं, तर म्हणाले, “शर्टाची इस्त्री मोडते.” मधुमेह होता त्यांना. एका सकाळी ते थंडीने कुडकुडायला लागले, तेव्हा मीच पडदा ओढला.

“लाजू नका, दाखवा.”

मानेखाली तळहाताएवढी काळपुळी!

“डॉक्टर, जिवावर बेतलं असतं!”

“सुरीची भीती वाटते हो सिस्टर. लहानपणापासून.”

पळस्प्याहून एका तरुण सर्जनला बोलावलं. भूल चढेपर्यंत डॉक्टर त्याला सूचना देत होते आणि माझा हात घट्ट धरून होते. जखम भरायला पावसाळा उलटला, पण ते बरे झाले. पुढे कितीतरी गळवं त्यांनी कापली.

एका दुपारी जेवणानंतर झोपले, ते उठलेच नाहीत.

आता दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. परवा रिचार्ज करायला गेले, तर एक आजोबा सुजलेला अंगठा वर धरून दुकानदाराला विचारत होते, “डाक्तर कंदी येतील?”

मी त्यांना रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्याकडे निघाले. वाटभर ते डॉक्टरांचंच कौतुक करत होते. डॉक्टर गेले, हे मला उतरेपर्यंत सांगवलं नाही.