पेडलवरचा पाय

सूर लांबवायच्या पेडलवर पाय ठेवूनच मी सिंथेसायझर चालू करायचो. त्यामुळे पेडल उलटं चालतं, हे मला ठाऊक नव्हतं. पेडल दाबल्यावर लांबायला हवेत ते सूर पाय उचलला की लांबत जाऊन एकमेकांत कालवले जायचे. काचीगुड्याच्या आमच्या भजनी मंडळानं बजावलं होतं, "रविवारपर्यंत हे थांबलं नाही, तर पेटीवाल्याला बोलावू."

आबिड्सला एका जिन्याखाली एक दुरुस्तीवाला बसतो. ते धूड रिक्षात घालून मी त्याच्याकडे तीनदा गेलो. तो मांडी घालून बसायचा, आधी बटण लावून मग पेडल हातानं दाबायचा, आणि वाद्य शहाण्यासारखं वाजायचं. घरी आणलं की पुन्हा गोंगाट. या माणसाला काही येत नाही, असं मी सगळ्यांना चिडून सांगत होतो.

तिसऱ्या खेपेला त्यानं माझी आवाजांची मांडणी पाहिली. पट्ट्यांच्या डाव्या भागात व्हायोलिनचा आवाज, उजव्यात बासरीचा. बासरीच्या भागाला पेडल लागूच होणार नाही, असं त्यानं करून टाकलं. "बासरीवाला दम लेता, साब. लेने दो उसकू."

मग म्हणाला, "अब तुम चालू करो."

मी ऐटीत स्टुलावर बसलो, पाय ठेवला, बटण दाबलं. गोंगाट. त्यानं पट्ट्यांकडे पाहिलंच नाही. वाकून माझा पाय घोट्याला धरून उचलला, बाजूला ठेवला, आणि वाद्य बंद करून पुन्हा लावलं. सूर स्वच्छ आले.

"बाजा अच्छा है, साब," तो हात पुसत म्हणाला. "अगली बार इसकू घर पे रखके तुम अकेले आओ. खोलके देख लेते."